पोळ्याचा रोल

सास्तूरची दैवशाला दळण टाकायला गेली की पिठाच्या धारेवरची नजर हलवायची नाही. ब्लाऊज शिवून पोट भरणारी ही बाई कुणावर विश्वास टाकत नव्हती, आणि त्याला कारण होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा बजरंग गेला. त्याचा एकुलता एक फोटो ढिगाऱ्यात सापडला, तोही एक झोळीवाला ‘मोठा करून आणतो’ म्हणून घेऊन गेला. पुन्हा दिसला नाही.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. यंदा, तिच्या पंचावन्नाव्या वर्षी, थोरला भाऊ वारला, आणि त्याच्या पेटीत कॅमेऱ्याचा न धुतलेला रंगीत रोल निघाला. भूकंपाआधीच्या पोळ्याला भावानं सास्तूरला येऊन फोटो काढले होते, हे तिला पक्कं आठवत होतं.

नळदुर्गचा सिद्धाराम लग्नांचं शूटिंग करायचा आणि हौसेनं घरीच रोल धुवायचा. दैवशाला रोल मुठीत धरून त्याच्या दारात उभी राहिली.

“ठेवून जा मावशी. चार दिवसांनी या.”

“ठेवून? म्या इथंच बसते.”

“अहो, हे काम अंधारात करावं लागतं. उजेड लागला की सगळं गेलं.”

“अंधारात तुमी काय करताव, ते मला कसं कळावं?”

सिद्धारामनं तिला आत बोलावलं. मग उजेड न शिरणारी, दोन बाह्यांची एक जाड काळी पिशवी आणली. “तुम्हीच घाला हात.”

आधी त्यानं वाया गेलेली फिल्म चकरीवर कशी गुंडाळायची ते उजेडात तीनदा शिकवलं. मग रोल, चकरी आणि धुवायचा डबा पिशवीत गेले, पाठोपाठ तिचे हात. तिनं डोळे मिटले. फिल्म चकरीवर चढता चढता थांबली.

“अडकली!”

“ओढू नका. जरा मागं घ्या.”

सुईत दोरा ओवणारी बोटं होती. फिल्म सरकली, झाकण बसलं.

कोमट पाण्यात ठेवलेल्या बाटल्यांतलं फिल्म धुवायचं औषध सिद्धाराम डब्यात ओतत होता, तेव्हा ती प्रत्येक बाटली हुंगत होती. ओली फिल्म न्हाणीतल्या दोरीला लटकली, तशी दैवशाला तिच्याखालीच पाट टाकून बसली. चहा दिला, तो निवून गेला.

स्कॅन केल्यावर बहुतेक फोटो धुरकट निघाले. एकात मात्र बैलाच्या पाठीवर कोपर टेकून माणूस उभा होता. दैवशालानं बजरंगला ओळखलं, पण तोंडातून वेगळंच आलं.

“हे मशीननं तर बनवलं न्हाय? आता मोबाईलमधी मेलेली माणसंबी नाचत्यात.”

सिद्धारामनं फिल्मच खिडकीशी धरली. नखाएवढा, उलट्या रंगांचा बजरंग तसाच कोपर टेकून उभा होता. तिनं फिल्म स्वतःच्या हातात घेतली.

फोटो आणि फिल्म दोन्ही घेऊन ती गेली. आठ दिवसांत परत आली.

“शर्ट निळा व्हता. म्याच शिवलेला. ह्यात हिरवट आलाय.”

“इतक्या वर्षांत फिल्मचे रंग उतरतात, मावशी. मी अंदाजानं लावले.”

“म्हंजे तुमाला ठावं न्हाय.”

“नाही.”

 ती त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. तो पडद्यावर रंग सरकवत गेला.

“अजून... अजून. न्हाय, लई झाला. मागं घ्या.”

“हाच का?”

दैवशाला पडद्याकडं वाकली. एवढी वर्षं ज्या रंगाची तिला खात्री होती, तोच आता नीट डोळ्यांपुढं येईना.

“असावा,” ती म्हणाली.