गोजरबाईंनी न हलवलेली नळी

जानेफळात गोजरबाईंच्या हातच्या दह्याचं नाव होतं. विरजण लावलेल्या भांड्याला कोणाचा धक्का लागला, तर त्या दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. नवऱ्याच्या दुखण्यातही त्यांचाच कारभार. किसनरावांच्या हाडांतल्या मज्जेत रक्त नीट तयार होत नव्हतं. पेशींमधल्या रक्त घडवायच्या निजलेल्या सूचना जाग्या करणारी इंजेक्शनं दर महिन्याला सात दिवस संभाजीनगरला जाऊन घ्यायची, आणि त्याआधी रक्त तपासायचं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी भरल्या की ती सात दिवसांची खेप लांबणीवर. पाचवी खेप उद्यापासून होती.

गावातल्या नर्सबाईंनी घरी येऊन रक्त काढलं. नळी उलटीपालटी करणार, तोच गोजरबाईंनी ती हिसकावली.

"हलवू नको वं! आधीच पेशी कमी हायेत, मोडतीन!"

मेहकरपर्यंत एसटीत त्यांनी नळी छातीशी उभी धरली. कंडक्टरलाही सुनावलं, "ड्रायव्हरले सांग बाप्पा, खड्डे पाहून चालव म्हणा."

मेहकरच्या लॅबमधल्या गुलनारनं आकडा पाहिला आणि जुना रिपोर्ट काढला.

"मावशी, बावीस हजारच. मागच्या वेळी पंच्याण्णव होत्या ना?"

गोजरबाई बाकावर बसल्या. गेल्या दोन महिन्यांत किसनराव स्वतः शेतापर्यंत चालू लागले होते. आता सगळं पुन्हा मागं जाणार?

गुलनारनं नळीत बारीक काडी फिरवली. टोकाला गुठळी आली.

"रक्त काढल्यावर नळी हलवली नाही का?"

"कोणाले हात लावू देते का मी!" गोजरबाई मान ताठ करून म्हणाल्या.

"तिथंच घोळ झाला. आत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते मिसळलंच नाही. प्लेटलेट गुठळीत अडकल्या, मशीन काय मोजणार? काकांना बोलवा. नवं रक्त घेऊ."

दुपारच्या गाडीनं किसनराव आले. "माह्या रक्ताचं दही लावत होती काय वं?"

"चूप बसा अन् हात द्या."

गुलनारनं रक्त काढलं आणि नळी गोजरबाईंच्याच हाती दिली. "आठ वेळा, हळूच."

ओठ हलवत त्यांनी आठ हेलकावे मोजले, वर एक जास्तीचा घातला.

एक लाख दोन हजार! गुलनारनं रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीही खात्री केली. संभाजीनगरच्या डॉक्टरांचा फोन आला, उद्या या.

"चाल मग, सकाळी सहाची गाडी हाये," किसनराव उठले.

गोजरबाई उठेनात.

"थांबा. आधी नर्सबाईले फोन लावून द्या. लय बोलली मी तिले."