आधी तिचं चालचलन विचारलं

"काकू, ही तुमची शैला मावशी तर नाही ना?" असं म्हणत शेजारच्या सुनेनं मोबाइल माझ्यापुढे धरला, तेव्हा मी भाजी निवडत होते. कोणत्या तरी ग्रुपवर फोटो आला होता. कांचघर वस्तीच्या पलीकडे नाल्याकाठी चिखलात पडलेली बाई, तोंड उघडं, पदर कुठल्या कुठे. ती शैलाच होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. गळा आवळून खून, नवऱ्यापासून वेगळी राहायची, प्रेमप्रकरणाचा संशय... नाव तेवढं नव्हतं.

शैला आणि मी इथेच जबलपूरला, खमरियाच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून वाढलो. दोघींचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. ती भारी तोंडाळ, हसायला लागली की तिसऱ्या घरात ऐकू जायचं. लग्न होऊन नागपूरला गेली आणि काही वर्षांनी एका पिशवीनिशी परत आली. नवरा मारायचा. आईवडील तोवर राहिले नव्हते, मग कांचघरला खोली घेतली आणि सराफ्यातल्या दुकानांची मंगळसूत्रं ओवून द्यायला लागली. आमच्या जबलपूरच्या मराठी बायकांपैकी निम्म्यांच्या तरी गळ्यात तिच्या हातची पोत असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र तिला बोलवायचं की नाही, यावर दरवर्षी कुजबुज व्हायची. नवऱ्याला सोडलेली ना!

तिच्या स्वतःच्याही गळ्यात मंगळसूत्र होतं. मी एकदा चिडून विचारलं, "काहून घालून राहिली गं ते अजून, त्या मेल्याच्या नावाचं?"

"त्याच्या नावाचं कुठे? ऑटोवाल्यांच्या नावाचं आहे. हे दिसलं की दीदी म्हणतात, सरळ घरी सोडतात. आणि सोन्याचं थोडीच आहे? खोटं आहे," असं म्हणून ती हसत सुटली.

ती जाण्याच्या थोडेच दिवस आधी सराफ्यात दुकान लुटताना चोरट्यांनी एका व्यापाऱ्याला गोळी घातली. बाजार कडकडीत बंद. पुढारी येऊन गेले, चौकाचौकात हार घातलेला फोटो लागला, आमचं मराठी मंडळसुद्धा बॅनर घेऊन मेणबत्त्यांच्या मोर्चात गेलं. मारेकरी लगेच धरले गेले. बरंच झालं, त्या माणसानं कोणाचं काय वाईट केलं होतं? शैलाही गेली होती मोर्चात. वर मलाच फोनवर झापलं, "तू काहून नाही आली? भला माणूस होता गं. बसा दीदी म्हणून चहा पाजायचा."

आणि तिच्यासाठी? शवागाराच्या दाराशी आम्ही पाच-सहा बायका. तिथे वाद काय, तर हिला हिरवं नेसवायचं की नाही! एक म्हणते नवरा जिता आहे, म्हणजे सवाष्णच, ओटी भरा. दुसरी म्हणते सोडलेल्या नवऱ्याची कसली सवाष्ण? कोणी मारलं असेल, हे एकीच्या तोंडून निघेना. माझं डोकं फिरलं. मी पिशवीतली माझी जांभळी साडी काढली आणि नेसवली. तिला जांभळा आवडायचा, बस.

पोलीस ठाण्यात गेले तर साहेबांचा पहिला प्रश्न, "चालचलन कैसा था?" मग म्हणाले, "पति जिंदा है, मंगलसूत्र पहनती थी, फिर अकेली क्यों रहती थी?" ज्याच्या आडोशानं ती इतकी वर्षं शहरात वावरली, त्याचाच आता तिच्यावर ठपका. मी सांगितलं, साहेब, तिच्या गळ्यावर दोरा रुतल्याची खूण होती, फोटोत काळे मणी चिखलात विखुरलेले दिसतात, मंगळसूत्र ओढतानाच कोणी तरी मारलंय तिला.

"नकली के लिए कौन मारता है, माताजी?"

"जिसको असली लगा, वो मारता है."

त्यांनी मान डोलावली, पण लिहून काही घेतलं नाही. बाहेर बाकावर बसून मी खूप रडले. दुःखापेक्षा संतापानं.

मंडळाच्या सचिवांना म्हटलं, निदान शोकसभा तरी घ्या. "वहिनी, प्रकरण काय आहे ते आधी कळू द्या. उद्या भलतंच निघालं तर?" मी म्हटलं, भलतं म्हणजे काय निघणार आहे हो? ती मेली, हे तर निघालंय ना? ते चष्मा पुसत बसले. मोठ्या माणसाचा खून झाला की शहर विचारतं, कोणी केला. शैलासारखीचा झाला की विचारतं, हिनं काय केलं होतं.

मागच्या आठवड्यात तिची खोली रिकामी करायला गेले. भांडी, दोन चादरी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल तसाच, कडक झालेला. मी आत गाठोडं बांधत होते आणि घरमालक दारात एका नव्या जोडप्याला खोली दाखवत होते. मुलीनं विचारलं, "पहले कौन रहता था, भैया?"

"कोई नहीं जी. एक अकेली औरत थी. गई अपने घर."

मी गाठोडं तिथेच टाकून बाहेर आले. "शैला रहती थी यहाँ," मी म्हटलं, "शैला नाम था. मार डाला उसको. अभी तक कोई नहीं पकड़ा गया."

मुलीनं नवऱ्याची बाही धरली. दोघं आले तसे जिना उतरून गेले. घरमालक माझ्यावर उखडले, "क्या माताजी! आपने तो मेरा नुकसान करा दिया."

शैला मेल्यानं या शहरात कोणाचं काही नुकसान झालं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.