जैनब आपांचं वय

भूगोल शिकवताना जैनब आपा दर दोन वाक्यांमागे 'म्हणतात' म्हणत. "म्हणतात, पृथ्वी गोल हाय. म्हणतात, समुद्राचं पाणी खारट असतं." जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. बालाघाटचा डोंगर मात्र नुसता 'हाय', तेरणा नदी नुसती 'हाय', कारण तिथं त्या स्वतः जाऊन आल्या होत्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भर वर्गात टोकलं, "बाई, हे सारखं 'म्हणतात' काय लावलंय? मुलींच्या मनात शंका येईल." आपा म्हणाल्या, "शंका यावी म्हणूनच आईबापानं साळंत धाडलंय, साहेब." साहेबांनी शेरा लिहिला, 'शिक्षिका विषयात ठाम नाहीत.' हसावं की रडावं! आपांइतकं ठाम माणूस मी उभ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही.

धाराशिवच्या मुलींच्या शाळेत मी लागले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन तीनेक वर्षं झाली होती. मी नळदुर्गाकडच्या एका लिंगायत दुकानदाराची मुलगी. घरात कानडी, बाहेर मराठी आणि मनात सदा धाकधूक. शाळा उर्दूची मराठी झाली होती. उर्दूच्या बऱ्याच शिक्षिका हैदराबादला निघून गेल्या. चाळिशी ओलांडलेल्या आपा मात्र पहिलीच्या मुलींशेजारी सतरंजीवर बसून बाराखडी शिकल्या आणि वर्षाच्या आत मराठीतून भूगोल शिकवू लागल्या. "तुम्ही का नाही गेलात?" असं कुणी विचारलं, की त्या भिंतीवरच्या नकाशाकडं हात करत. "बोट ठेवून सांगा, कुठं जाऊ?" 'बोट ठेव, मग बोल' हे त्यांचं पालुपद होतं. मुलींना तेच, मोठ्या बाईंना तेच आणि शिळी मेथी ताजी म्हणून देणाऱ्या भाजीवालीलाही तेच.

त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. मूलबाळ नाही. भाऊ मौलाभाई शिवणकाम करायचे, त्यांच्या घरी राहत. काळा बुरखा, तोंडावरचा पडदा कायम मागे टाकलेला, बाहीला खडूची भुकटी. शाळा सोडली तर त्यांना दुसरं जग नव्हतं, आणि नेमकी तीच सरकारनं काढून घ्यायची ठरवली.

त्रेपन्न साली दिवाळीनंतर हुकूम आला. जैनब बेगम, सहशिक्षिका, यांना वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण होत असल्यानं डिसेंबरअखेर सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. आपांनी तो दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "शकू, मी सत्तेचाळीसची हाय. ही आठ वर्षं कुणाची माझ्या अंगावर घातली?"

घोळ असा होता. जुन्या दप्तरात आपांच्या जन्माचं नुसतं साल होतं, १३१६. निजामाच्या कचेऱ्यांत फसली, म्हणजे महसुली, सन चालायचा. त्या हिशेबानं ते १९०६ होतं. पण नव्या राज्यात दुसऱ्या प्रांतातून आलेल्या हेडक्लार्कनं मुसलमानी नाव पाहिलं, उर्दू कागद पाहिला आणि सन हिजरी धरला. हिजरी १३१६ म्हणजे १८९८. झालं! एका फटक्यात बाई आठ वर्षांनी म्हातारी. आमच्या भागातली शेंबडी पोरंही सांगतील, की कचेरीचा सन वेगळा आणि मशिदीचा वेगळा. पण सांगायला आधी कुणी विचारावं लागतं.

आपांनी अर्ज केले. तहसिलीत मुन्शी असलेल्या वडिलांची वही नेऊन दाखवली. तीत फसली महिना, तारीख, सगळं होतं. वडिलांच्या त्या नोंदीप्रमाणं जन्म डिसेंबरच्या शेवटच्या दिवसाचा निघत होता. हेडक्लार्क म्हणाला, "खासगी वही पुरावा होत नाही." आपा म्हणाल्या, "आन तुमचा अंदाज पुरावा होतो?" मी त्यांच्या मागं उभी होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आपा, जाऊ द्या. सरकारपुढं आपलं काय चालतंय?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला पायाखालची फरशी मोजावीशी वाटली.

त्या काळी नोकरीतून सुटताना 'चार्ज' द्यावा लागे. कपाटातल्या वस्तूंची यादी, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. त्याशिवाय माणूस सुटत नसे. आपांच्या ताब्यात नकाशांचं कपाट होतं. एकतीस डिसेंबरला दुपारी चार वाजता चार्ज द्यावा, असा हुकूम होता. नाताळच्या सुटीला रजा जोडून आपांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मला म्हणाल्या, "माझा वाढदिवस हाय एकतीसला. आजवर कुणी केला न्हाय. औंदा मी करणार, आन ह्यांचा हुकूम जिथं चालत न्हाय तिथं जाऊन करणार. येतीस?"

"कुठं?"

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. हिंदुस्थानच्या पश्चिम काठावर नखाएवढा वेगळ्या रंगाचा ठिपका होता. गोवा. तेव्हा तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं, म्हणजे रीतसर परदेश. मी घरी कळवलं, की ट्रेनिंगला जातेय. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि अजून त्याचा पश्चात्ताप नाही.

येडशीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मिरज, पुढं लोंढा. हाडं खिळखिळी झाली. दशम्या आणि शेंगांची चटणी माझ्याकडं, उकडलेली अंडी आपांकडं. घाट उतरल्यावर हद्दीवर गाडी थांबली. परक्या टोपीतले शिपाई आले आणि मी आपांच्या मागं सरकले. मेजामागच्या कारकुनाला आपली भाषा येत होती. नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाला, "बाई, वय?"

आपा मोठ्यानं म्हणाल्या, "सत्तेचाळीस. उद्या पुरी व्हतील." त्यानं मान न उचलता लिहिलं, शिक्का मारला आणि चिठ्ठी पुढं केली. आपांनी ती घडी न घालता, ओल्या पापडासारखी दोन्ही हातांनी धरून डब्यापर्यंत आणली.

वास्कोच्या किनाऱ्यावर त्यांनी चपला काढल्या आणि बुरख्यासकट गुडघाभर पाण्यात गेल्या. ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकल्या. "खारट हाय गं!" लहान पोरीसारख्या ओरडल्या. मी काठावरच उभी होते. त्यांनी मला हाताला धरून ओढलं, माझं नेसतं लुगडं कमरेपर्यंत भिजवलं.

दुसऱ्या दिवशी लाँचनं पणजीला गेलो. पांढरी चर्चं, दारोदार टांगलेले कागदी तारे, भट्टीतून काढलेले गरम पाव. तो एकतीसचाच दिवस. आपा भेटेल त्याला सांगत सुटल्या. लाँचवाल्याला, पाववाल्या बाईला, चौकातल्या पोलिसालासुद्धा, "आज माझा वाढदिवस. सत्तेचाळिसावा." मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पाववाल्या बाईनं मात्र एक गोड केक कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांचे गाल कुरवाळले. तो केक आम्ही नदीकाठच्या कठड्यावर बसून खाल्ला. कुठल्याशा घड्याळात चारचे टोले पडले. आपा हसल्या. "आता हेडक्लार्क कपाटापुढं उभा ऱ्हायला असंल." हसता हसता त्या थांबल्या. पाण्याकडं बघत म्हणाल्या, "शकू, आठ वर्षं लई असतात गं. तेवढ्यात आठ वर्ग पुढं जातात." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्या हेडक्लार्कचा असा संताप आला, की हातातला केक गोड लागेना.

परत आल्यावर त्या चिठ्ठी घेऊन थेट कचेरीत गेल्या. हेडक्लार्क खो खो हसला. "बाई, हे परकं सरकार!"

"परक्यानं इचारलं तरी," आपा म्हणाल्या. "तुमी तर इचारलं पण न्हाय."

निकाल लागायचा तोच लागला. पंचांसमोर कुलूप तोडून एकतर्फी चार्ज घेतला गेला, पगार बंद झाला. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आपा शाळेत हजर! पिशवीत नवं कुलूप. कपाटाला ते लावलं आणि सहावीच्या वर्गावर गेल्या. मोठ्या बाई अडवायला उठल्या. आपा म्हणाल्या, "माझी नोकरी एकसष्टच्या डिसेंबरपर्यंत हाय. मधीच सोडून जायला मी काय पळपुटी हाय?" मोठ्या बाई परत खुर्चीत बसल्या. पुढं त्या जागेवर एक तरुण मास्तर आले. त्यांनाही आपांनी समोर बसवलं. "तुमी हजेरी घ्या, पगार घ्या. नकाशा मी शिकवते." त्यांनी काय केलं असेल? पहिले दोन महिने कुरकुर केली आणि नंतर स्वतःच मागच्या बाकावर बसून ऐकू लागले.

आठ वर्षं. सकाळी त्या भावाच्या यंत्रावर मुलींचे परकर-पोलके शिवत आणि दहाला शाळेत येत. एक दिवस उशीर नाही. समुद्राचा धडा आला की सांगत, "पाणी खारट हाय. म्या चाखलंय." गावातले काही म्हणत, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझं लग्न झालं, मुलगा झाला, तरी ते बोलणं मला झोंबायचं. पण मी कुणाला उलटून बोलले नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं, हे मान्य करते.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा आपला झाला. पेढे वाटले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस आपांनी शेवटचा तास घेतला. कागदोपत्री त्या आठ वर्षांपूर्वीच गेलेल्या, मग निरोप समारंभ कोण करणार? नकाशांची यादी त्यांनी स्वतःच लिहिली, त्या मास्तरांची सही घेतली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मी आज सुटले. कुणी सोडवलं न्हाय, माझी मी सुटले." ताठ मानेनं फाटकाबाहेर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून परत आल्या नाहीत.

त्यानंतर सातएक वर्षांनी, पावसाळा संपता संपता, त्या तापानं गेल्या. मौलाभाई म्हातारे झाले होते, दुःखानं त्यांना उठवेना. नगरपालिकेत मृत्यूची नोंद करायला मी गेले. कारकुनापुढं मी घरून नेलेला आपांच्या पेन्शनचा जुना कागद होता. त्यानं त्यावरून लिहायला घेतलं, "वय सत्तर."

"एकसष्ट," मी म्हटलं.

"बाई, सरकारी कागदात—"

"सरकारी कागद चुकलाय. एकसष्ट लिहा. डिसेंबरात बासष्ट पुरी झाली असती."

मागं रांग उभी होती. कुणीतरी चुकचुकलं. मी मेजावर हात टेकले आणि तिथून हलले नाही. कारकून वैतागला. "अवो बाई, माणूस तर गेलं. आता सत्तर काय आन एकसष्ट काय, काय फरक पडतोय?"

"न्हाय ना पडत?" मी म्हटलं. "मग खरं तेच लिहा."