तोंडात ऊन पोचत नाही

थकवा येतो असं सांगणाऱ्या पेशंटचा मला त्या काळात राग यायचा. ख्राइस्टचर्चचा भूकंप होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मी न्यूझीलंडमधल्याच दुसऱ्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे अजून शिकाऊच डॉक्टर, होते. पुण्यात एम.डी. होऊन वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई मी, इथे पुन्हा परीक्षा देऊन माझ्याहून वयाने लहान कन्सल्टंटच्या हाताखाली राबत होते. घरी गेले की बूटसुद्धा न काढता सोफ्यावर पडायचे. थकवा हे मला लक्षणच वाटेनासं झालं होतं.

ज्यांना मी पुढे काकू म्हणायला लागले, त्या पेशंट त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा भरती झाल्या होत्या. मुलीकडे सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून आलेल्या. दर वेळी तेच: उलट्या, चक्कर, बीपी खाली. सलाइन लावलं की दुसऱ्या दिवशी उठून बसायच्या आणि घरी जायच्या. पहिल्यांदा पोट बिघडलं असं ठरलं, दुसऱ्यांदा ऊन बाधलं. तिसऱ्यांदा कोणीतरी लिहून ठेवलं, घरची आठवण येत असावी, भाषेची अडचण, मन उदास. म्हणून मला बोलावलं. डॉक्टर म्हणून नव्हे, मराठी येतं म्हणून. मी तणतणतच वर गेले.

मुलगी आयटीतली, तिशीची. कोकणस्थ की देशस्थ एवढंच विचारायचं बाकी ठेवून तिने माझी सगळी चौकशी केली आणि मग सांगायला लागली. "आईला इथे आवडतच नाही, डॉक्टर. हीप्स ट्राय केलं आम्ही, खूप म्हणजे खूप. दिवसभर झोपून असते. खात नाही, वाळलीये नुसती. आणि किती टॅन झालीये बघा ना! मी स्वतः रोज सनस्क्रीन लावते तिला, तरी."

या देशात काहीही झालं की उन्हावर ढकलायची सोय आहे, आणि ऊन खरंच जाळणारं असतं, त्यामुळे कोणी पुढे विचारत नाही. शिवाय आधीच्या डॉक्टरांना काकू नुसत्या 'ब्राउन' दिसल्या. गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळीसावळी हे भेद त्यांच्या डोळ्यांना कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे लग्नाच्या बाजारात या भेदांनी मुलींचे जीव नकोसे केले. इथे एकदा तरी ते कामाला आले असते, तर इथे ते कोणाला माहीतच नव्हते.

तेवढ्यात नर्स गोळी घेऊन आली. काकूंनी उजव्या हाताखाली डावा धरला, तळवा खोलगट केला आणि तीर्थ घ्यावं तशी ती गोळी घेतली. तळव्यावरच्या रेषा काजळ भरल्यासारख्या काळ्या होत्या. नुसत्या रेषांवरून काही ठरत नाही, आपल्यात त्या काळसर असतातही. पण माझी झोप उडाली.

"काकू, तोंड उघडा."

हिरड्यांवर, गालांच्या आतून, जांभळं खाल्ल्यासारखे डाग.

"दातांचं काही आहे का?" मुलीने विचारलं.

"तोंडात ऊन पोचत नाही," मी म्हटलं. जरा तिरसटपणेच म्हटलं, माझा स्वभावच तसा आहे.

मग मी काकूंना विचारलं, खारट खावंसं वाटतं का? त्यांनी आधी मुलीकडे बघितलं आणि "छे, नाही" म्हणाल्या. थोड्या वेळाने मुलगी पार्किंगमधली गाडी हलवायला गेली, तेव्हा काकूंनी माझं मनगट धरलं.

"खोटं बोलले मी. जीव जातो हो मिठासाठी. ती ऑफिसला गेली की पेलाभर पाण्यात मीठ घालून प्यायचे, मग जरा चार पावलं टाकवायची. तिला कळलं. माझी बीपीची गोळी आहे ना. तिचे बाबा बीपीनेच गेले, तिच्या डोळ्यांदेखत झटका आला त्यांना. आता मिठाचा डबा जाताना बरोबर घेऊन जाते ती. तिला सांगू नका मी बोलले म्हणून. जिवापाड करते पोर माझं."

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या बंद पडल्या की शरीराला मीठ धरून ठेवता येत नाही, बीपी पडतं, कातडी काळवंडते आणि माणूस थकत थकत एक दिवस उठतच नाही. काकूंच्या रक्तातही मीठ कमी होतं, पण बीपीच्या गोळ्यांनीही तसं होऊ शकतं, म्हणून त्या कमी मिठाचं खापर दर वेळी गोळीवर फुटलं होतं. हा आजार क्वचितच दिसतो. पुण्यात मी दोनदा पाहिला होता, आणि त्यातली एक बाई हाती लागली नव्हती.

मी बीपीची गोळी बंद केली आणि कन्सल्टंटला फोन लावला. तो म्हणाला, सकाळी तपासणी करू, मग त्या ग्रंथींची उणीव भरून काढणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं, तरी घातला. रक्त आत्ता काढून ठेवते, इंजेक्शनही आत्ताच देते, सकाळपर्यंत ही बाई राहील याची खात्री मला नाही, असं म्हटलं. तो गृहस्थ भला. स्वतः खाली आला, काकूंच्या तोंडात टॉर्च मारला आणि मला म्हणाला, दे.

दुसऱ्या दिवशी काकू उशीला टेकून वरणभात मागत होत्या. तरुणपणी होऊन गेलेल्या टीबीने ग्रंथी पोखरल्या होत्या, हे नंतर स्कॅनमध्ये दिसलं. विद्यार्थ्यांची रांग लागली. काकू प्रत्येकासाठी तोंड उघडायच्या. कधी नव्हे ते दिसणारं लक्षण पाहून पोरं खूश. आदल्या दोन खेपांना हेच तोंड कोणी उघडलं नव्हतं. कौतुक माझंही झालं, पण मला नुसतं झोपायचं होतं.

मुलगी कॉरिडॉरमध्ये गाठ पडली. रात्रभर फोनवर वाचत बसली होती. "रंग कधी जाईल?" तिने विचारलं.

"हळूहळू. पी हळद अन् हो गोरी असं नसतं ते."

ती हसली नाही. "त्यात सॉल्ट क्रेव्हिंग लिहिलंय. आईने तुम्हाला सांगितलं ना?"

"ग्रंथी कधीच्याच गेल्या होत्या," मी म्हटलं. "मिठाने नुसते दिवस ढकलले गेले असते." यात एक शब्दही खोटा नव्हता.

"आणि ते दिवस मी डब्यात घालून ऑफिसला नेत होते," ती म्हणाली.

मला तिची इतकी दया आली, की तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. तिने नाक पुसलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "मग आता मी काय देऊ तिला?"

"मागतील ते द्या."

"ती मागतच नाही हो," ती म्हणाली.