उटण्याची वाटी
उटण्याचा वास आला की कराडची ती दिवाळीची पहाट आठवते. आमच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतली, घानाची एक मुलगी भाड्यानं राहायची, डॉक्टरकी शिकायला आलेली. आईनं मायेनं तिच्यापुढं वाटी धरली, "लाव गं, लय उजळशील." ती हसली आणि पेशंटांकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "आवं मावशी, मला उजळायचं न्हाई. आमच्या गावातल्या पोरींना त्यांच्यासारखीच काळी डॉक्टर बघायची हाय." मी, घरातली काळी पोर, तिच्याकडं बघतच राहिले. आईनं मग तीच वाटी उचलून माझे गाल नेहमीसारखे खसाखसा चोळले. आज माझ्याच रंगाची माझी लेक पाटावर बसलीय, आई वाटी घेऊन पुढं सरकतेय, आणि मी अजूनही तिचा हात अडवत नाही.