मानेसरच्या कपाटाची किल्ली

निवृत्तीनंतर मी दिल्लीत मयूर विहारच्या घरात बसून बायकोचं डोकं खात होतो. त्यामुळे गुडगावपलीकडच्या, कारखान्यांच्या मानेसरमधल्या सामुदायिक रेडिओला मदत कराल का, असं एका संस्थेने विचारलं, तेव्हा माझ्याआधी तिनेच होकार दिला. संस्थेने नवे माइक, रेकॉर्डर आणि मिक्सर असं सामान दिलं होतं. ते बसवायचं आणि केंद्र चालवणाऱ्या बाईंना शिकवायचं, एवढंच काम होतं.

बाई जवळच्याच गावच्या, तिशीच्या. आधी कारखान्यात पॅकिंगला होत्या. चार दिवसांत सगळं शिकल्या. पण मी पडलो सरकारी रेडिओत जन्म काढलेला माणूस. प्रत्येक वस्तूवर नंबर टाकला, रजिस्टर केलं, नुकसानीची जबाबदारी लिहून त्याखाली बाईंची सही घेतली, सामान कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून घरी आलो. आठवड्यातून दोनदा मी जाणार, तेव्हाच कपाट उघडणार. "अहो, सामान दान दिलंय की गहाण ठेवलंय?" बायकोने विचारलं. तुला यातलं काही कळत नाही, असं मी तिला सुनावलं.

एका रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये तीन बोटं गेलेला एक कामगार केंद्रावर येऊन बसला होता. महिनाभर त्या त्याला बोलायला तयार करत होत्या. मशीनची सुरक्षेची जाळी कोणी आणि का काढली, हे तो आज स्वतःच्या तोंडाने सांगणार होता. दुपारच्या गाडीने तो कायमचा गावी परत चालला होता. फोनवरच रेकॉर्ड करून घेऊ का, असं बाई विचारत होत्या.

"बिल्कुल नहीं," मी म्हणालो. "फोन की रेकॉर्डिंग रेडियो पर नहीं चलती. उन्हें बिठाओ, मैं आ रहा हूँ."

मेट्रो बदलून गुडगावला उतरलो, शेअर ऑटो पकडली आणि महामार्गावर अडकलो. एरवी दीड तासाचा रस्ता, त्या दिवशी तीन तास लागले. मी पोचलो तेव्हा तो निघून गेला होता. त्याचा नंबर लावला, तो बंद. नंतरही कधी लागला नाही.

बाई चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पाणी आणून दिलं. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. आयुष्यभर आवाजाचा दर्जा सांभाळला, आणि माणूस हातचा घालवला. मला स्वतःची फार लाज वाटली.

तो जाताना काही म्हणाला का, असं मी विचारलं.

"पूछ रहे थे, रेडियो तो अपना है, फिर ये ताला किसका है," बाई म्हणाल्या. "मैंने कहा, सर का."