बोट मागून ढकलली कुणी?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केलीय. शाळेत विज्ञान शिकवते, त्यात तोंडानं फटकळ... त्यामुळं कॉलनीतल्या बायका माझ्यासमोर असलं काही काढतच नाहीत. तरी हे लिहितेय, कारण दोन महिने झाले, डोक्यातून जात नाही.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. इथं शहरात, छावणी भागात, माझ्याच घरी. दादा पुण्याला. दोन वर्षांत तीनदा आला, तेही उभ्या उभ्या. आई आपली दाराकडं बघत पडायची आणि वर मलाच समजावायची, "त्याला लई कामं असत्यात गं."

तिनं एकच मागितलं होतं. चिमूटभर अस्थी माहेरी सोडायच्या. माहेर कुठं, तर नाथसागराच्या पोटात! धरण झालं तेव्हा तिची वाडी बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका वाळक्या चिंचेचं खोड वर निघतं. ती आमच्या दारातली चिंच, असं ती सांगायची.

दादाचं म्हणणं, पैठणला सगळं रीतसर झालंय, आता हे खामखा नाटक कशाला. शेवटी मावशी काय म्हणेल म्हणून आला.

एप्रिलमधला रविवार, सकाळचे नऊ. हवा भरायची लहान बोट मी ऑनलाइन मागवली होती. चिंचेच्या समोर ना घाट, ना उतार, नुसता गाळ... वरून वाळलेला, आत लोण्यासारखा. काठाला वेडी बाभूळ, एक काटा लागला की बोटीचा खेळ खलास. म्हणून पाण्याजवळच ताडपत्री अंथरून पायानं पंप मारत बसले. दादा वर बांधावर, एसी लावून गाडीत.

दोरी धरून बोट ओढत पाण्याच्या कडेला नेली. गुडघाभर चिखल. बाजूनं कशीबशी चढले, अस्थींची पुडी मांडीवर घेतली — आणि बोट हलेना! तळ गाळाला चिकटला होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वल्हं टेकवलं तर वल्हंच रुतलं. मागं वळावं तर बोट कलंडायची, म्हणून तशीच ओरडले, "दादा, जरा ढकल ना."

मग मिनिटभरानं मागची ट्यूब दबली, दोन तळहात टेकल्यावर दबेल तशी. चिखलातून पाय उपसल्याचा पचक पचक आवाज आला, अगदी पाठीशी. एक धक्का... मग दुसरा, लांब, सावकाश. बोट पाण्यात तरंगली.

"बस दादा, आता सोड," मी मागं न बघताच म्हणाले.

खरं सांगते, त्या घडीला माझा दोन वर्षांचा राग उतरला. रडत रडत खोडापर्यंत गेले. अस्थी सोडताना आईला म्हणाले, "दादानं ढकलली गं बोट. आला तो."

येताना वाऱ्यानं मला बरंच बाजूला आणून टेकवलं. दादा गाडीतच होता. परतीच्या वाटेवर चितेगावला चहाला थांबलो, तेव्हा त्याला म्हटलं, चिखलात उतरलास, लई बरं वाटलं रे.

त्यानं कप खाली ठेवला. "मी? मी कुठं उतरलो? माझा कॉल चालू होता. तू कधी गेलीस तेही बघितलं नाही."

मी खाली बघितलं. त्याचे पांढरे शूज, एक डाग नाही.

वारा म्हणाल, तर तो समोरून होता. लाट म्हणाल, तर पाठीमागं जमीन होती. मावशी म्हणते, आईच आली असेल, नशीबवान आहेस. मला संतापच येतो! मेल्यावरसुद्धा पोराचं काम तिनंच करायचं?

पुढच्या रविवारी मी एकटीच परत गेले. गाळ कडक झाला होता. बोट ओढल्याचा गुळगुळीत पट्टा तसाच होता, चढले तिथं बाजूला माझ्या पायांचे खड्डे. पट्ट्यावर, बोट अडकली होती तिच्या मागं, काही म्हणजे काही नाही. नवऱ्यानं विचारलं, भुताची पावलं शोधायला गेली होतीस काय?

नाही. मी दादाची शोधायला गेले होते. वाटलं, शूज काढून उतरला असेल आणि लाजून खोटं बोलला असेल. एक जरी सापडलं असतं ना, तर हे लिहायला बसलेच नसते.